संगणक निर्लेखनात टाकण्याआधी

विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले आणि विभागाविभागांत ‘हे मशीन विंडोज ११ घेत नाही’ हा सूर सुरू झाला. निर्लेखनाचा, म्हणजे संगणक वापरातून काढून टाकण्याचा, प्रस्ताव लिहिण्याआधी एवढं पाहाच. विंडोज ११ ला टीपीएम ही सुरक्षेची चिप लागते; ती आहे का ते आधी बघा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, ‘टीपीएम डॉट एमएससी’ (tpm.msc) टाइप करून एंटर करा. ‘स्पेसिफिकेशन व्हर्जन’समोर २.० दिसलं, तर टीपीएमची अट पूर्ण झाली. टीपीएम सापडतच नाही असं आलं, तरी लगेच आशा सोडू नका. पुष्कळदा ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. तिथे इंटेलच्या मशीनवर पीटीटी, एएमडीच्या मशीनवर एफटीपीएम या नावाने शोधा. मशीन स्वतःचं नसून विभागाचं असेल तर हे काम लॅब सहायकाकडूनच करून घ्या.

प्रोसेसर मात्र बदलता येत नाही म्हटलं तरी चालेल. इंटेलचा साधारण आठव्या पिढीच्या आधीचा असेल, तर तो विंडोज ११ च्या अटीत बसत नाही; अशा मशीनवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका. प्रोग्रॅमिंगच्या प्रात्यक्षिकांना ती उत्तम चालते.

एखाद्या उपकरणाला जोडलेला, जुन्या सॉफ्टवेअरवर अडलेला संगणक आहे तसा राहू द्या, पण त्याची नेटवर्कची केबल आजच काढा.