जुनी गाडी तापते तेव्हा या चुका टाळा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो, आणि जुन्या गाडीचा काटा लाल रेषेकडे सरकला की ‘ऊनच एवढे आहे, गाडी तापणारच’ असे म्हणून आपण मोकळे होतो. घरी गाडी दुरुस्त करायला शिकणाऱ्याची पहिली चूक हीच असते. चालू इंजिनातले पाणी थंडीच्या दिवसांतही 80-90 अंशांवर असते. त्यामुळे रेडिएटर, पंखा आणि पंप ठीक असतील, तर गाडी आपला उन्हाळाही सहन करते. ऊन दोष निर्माण करत नाही, आधीच असलेला दोष उघडा पाडते.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी नेमकी केव्हा तापते, हे लिहून ठेवावे. गावातल्या गर्दीत काटा चढतो आणि महामार्गावर वेग घेताच उतरतो, असे असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. गर्दीत ठीक, पण चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना तापत असेल, तर रेडिएटर चोंदलेला असण्याची शक्यता मोठी. गाडी सुरू केल्यानंतर थोड्याच वेळात काटा वर जात असेल आणि रेडिएटरकडे येणारा वरचा पाईप मात्र थंडच राहत असेल, तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, बंद स्थितीत अडकला असावा. ही नोंद न करता एकामागून एक भाग बदलत गेल्यास पैसे जातात आणि दोष तिथेच राहतो.

थर्मोस्टॅटच्या बाबतीत मी स्वतः चुकलो आहे. माझ्या कार्ब्युरेटरच्या मारुती 800 चा थर्मोस्टॅट ‘आपल्याकडे याची गरज नाही’ असे ऐकून मी काढून टाकला होता. उन्हाळा निभावला, पण धुळ्याकडच्या जानेवारीतल्या पहाटे, पारा दहा अंशांच्या खाली असताना, इंजिन लवकर तापेना, चोक बराच वेळ ओढून ठेवावा लागे आणि पेट्रोल जास्त जाऊ लागले. थंड इंजिनात न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन काढते आणि झीज वाढते, हे मला उशिरा कळले. थर्मोस्टॅट तपासणे अगदी सोपे आहे. तो दोरीने पातेल्यातल्या पाण्यात, तळाला न टेकता, लटकवावा आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाला, बहुधा 82 अंशांच्या आसपास, तो उघडू लागतो आणि पाणी उकळेपर्यंत पूर्ण उघडतो. उघडला नाही तर नवा बसवावा, जागा रिकामी ठेवू नये.

दुसरी मोठी चूक पाण्याची. बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतत राहिले, की बादलीला बसतो तसा क्षारांचा थर आतल्या नळ्यांना बसतो, आणि एकदा नळ्या अरुंद झाल्या की नवा पंखा बसवूनही उपयोग होत नाही. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळायचे द्रव, आणि डिस्टिल्ड पाणी निम्मे-निम्मे मिसळावे; डब्यावर ‘तयार मिश्रण’ लिहिलेले असेल तर त्यात आणखी पाणी घालू नये. नुसते कूलंट भरणेही चूकच, कारण ते पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. काढलेले कूलंट अंगणात सांडू देऊ नये. ते विषारी असते आणि गोड चवीमुळे कुत्री व गुरे चाटतात.

आपल्या भागात कापूस वेचणीच्या दिवसांत रेडिएटरच्या पापुद्र्यांत, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांत, तंतू आणि धूळ अडकून बसते. ते इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, पाण्याचा दाब कमी ठेवून धुवावे; जोराच्या फवाऱ्याने पापुद्रे वाकतात आणि हवेची वाटच बंद होते.

रेडिएटरच्या कॅपकडे फारसे कोणी पाहत नाही. 0.9 बार दाबाची कॅप शाबूत असेल, तर आतले नुसते पाणीही सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. तिचे रबर चिरलेले असेल तर ते 100 अंशांलाच उकळून बाहेर पडते. गरम गाडीची कॅप मात्र कधीही उघडू नये, वाफेने चेहरा भाजतो. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास अ‍ॅल्युमिनियमचे हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकू शकते, म्हणून किमान अर्धा-पाऊण तास थांबावे. विजेच्या पंख्याजवळ हात घालण्याआधी बॅटरीची ऋण तार काढावी, कारण काही गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक फिरू लागतो.

गाडीखाली शिरायचे असेल तर केवळ जॅकवर विसंबू नये. आपली काळी माती ओली असताना जॅक रुततो. खाली जाड फळी आणि गाडीखाली दोन भक्कम घोड्या हव्यातच.

गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची पद्धत अजून आहे. रस्त्यात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरती ती चालेल, पण तीच हळद पुढे बारीक नळ्यांत साचते, म्हणून घरी आल्यावर रेडिएटर धुऊन मूळ गळती दुरुस्त करावी. कुठेही गळती दिसत नसताना पाणी कमी होत असेल, सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरा धूर येत असेल किंवा तेलाच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिनाचा खालचा भाग यांच्यामधली गळती रोखणारी पट्टी, गेल्याचा दाट संशय घ्यावा. ते काम पहिल्या वर्षी घरी करू नये, आणि गॅरेजपर्यंत गाडी चालवत नेऊ नये, ओढून न्यावी.