वनस्पती कोणत्या रोगावर, ते नंतर. आधी ती करते काय?

‘खोकल्यावर कुठली वनस्पती चांगली?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, खोकला कोरडा की ओला? खोकल्याची म्हणून सांगितली जाणारी सगळी झाडं एकच काम करत नाहीत. ज्येष्ठमध खवखवणाऱ्या घशाला शांत करतं. अडुळशाच्या पानातलं व्हॅसिसीन श्वासनळ्या सैल करतं आणि चिकट कफ सुटायला मदत करतं. खोकल्याच्या औषधांत असणारं ब्रोमहेक्सीन याच व्हॅसिसीनवरून बेतलेलं आहे.

म्हणून माझ्या वहीत रोगांची पानं नाहीत, कामांची आहेत: आकसवणारी, कफ सुटा करणारी, मुरडा सोडवणारी, भूक चाळवणारी, कोठा साफ करणारी. तुम्हीही अशीच वही करा. सुरुवात जिभेपासून करा, पण ओळख पक्की असलेल्या आणि खाण्याजोग्या वनस्पतींपासूनच. धोतरा, कण्हेर यांची चव घेऊन बघायची नसते.

बाभळीच्या सालीचा काढा तोंडात धरला की जीभ कोरडी पडते, गाल आत ओढल्यासारखे वाटतात. सालीतली टॅनिनं, म्हणजे तुरट द्रव्यं, लाळेतल्या प्रथिनांना घट्ट धरतात, त्याचा हा परिणाम. हिरड्या हुळहुळल्या की या काढ्याच्या गुळण्या करतात, त्या याच आकसण्यासाठी. मात्र हीच टॅनिनं लोहालाही धरतात, तेव्हा लोहाची गोळी आणि तुरट काढा एकत्र नको.

कडू किराईत जिभेला लागलं की तोंडाला पाणी सुटतं, जठररस पाझरायला लागतो. भूक वाढवायची असेल तर ते जेवणाआधी आणि चव घेऊन प्यायचं. कॅप्सूलमध्ये भरून गिळलं तर जिभेचा हा वाटा बुडालाच.

जीभ सगळं सांगत नाही, हेही खरं. सोनामुखीतले सेनोसाइड हे रेचक घटक मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंनी फोडले, की मगच कामाला लागतात. त्याला साधारण 6 ते 12 तास जातात, म्हणून ती रात्री घ्यायची. तासाभरात काही झालं नाही म्हणून दुसरा डोस घेणाऱ्याची सकाळ कशी जाते, ते सांगायला नको.

पुदिना मला सगळ्यात शिकवणारा वाटतो. पेपरमिंट या पुदिन्याच्या प्रकाराच्या तेलातलं मेंथॉल आतड्याचे स्नायू सैल करतं, त्यामुळे मुरडा थांबतो. पण जठराच्या तोंडाशी असलेली झडपही स्नायूचीच. तीही सैलावते आणि ज्याला आधीच घशाशी आंबट येतं त्याचं जळजळणं वाढतं. काम एकच, एकाला आराम, दुसऱ्याला त्रास.

बनवण्याची रीतही कामावरूनच ठरवा. साल आणि मुळं उकळायची. पुदिन्यासारख्या वासाच्या पानांवर गरम पाणी ओतून लगेच झाकण ठेवायचं, नाहीतर तेल वाफेबरोबर उडून जातं. इसबगोल भरपूर पाण्यात ढवळून तो फुगून घट्ट व्हायच्या आत प्यायचा.

वहीतल्या प्रत्येक पानावर शेवटची ओळ ‘कुणाला नको’ यासाठी राखा. ज्येष्ठमधापुढे मी लिहिलंय: रक्तदाब असलेल्यांना नको. त्यातलं ग्लिसिरायझिन रोज पोटात गेलं तर पोटॅशियम उतरतं आणि दाब चढतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर कुठलीही वनस्पती सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना ती वही सोबत न्या.