सामन्याच्या दिवशी परक्या शहरात: आधी परतीचं ठरवा

मोठा सामना बघायला परक्या शहरात जाताना बहुतेक जण मैदानावर पोचायचं कसं याचीच चौकशी करतात. खरी कसोटी लागते ती परतताना. जाताना गर्दी दोन-तीन तासांत विखुरलेली असते. सामना संपला की मात्र सगळे एकदम उठतात. ब्रिटनमधल्या क्रीडामैदानांच्या सुरक्षा-मार्गदर्शिकेनुसार प्रेक्षक जागेवरून उठून बाहेरच्या मोकळ्या वाटेला ८ मिनिटांच्या आत लागले पाहिजेत. स्टेडियम इतकं भराभर रिकामं होतं, पण स्टेशन तेवढ्या वेगानं माणसं उचलू शकत नाही.

साधा हिशेब करून बघा. ६० हजारांतले ३० हजार प्रेक्षक एकाच स्टेशनकडे वळले. एका गाडीत हजार माणसं मावतात आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते, म्हणजे तासाला २० हजार. शेवटच्या माणसाला गाडी मिळेपर्यंत दीड तास जातो, तोही सगळं सुरळीत चाललं तर. म्हणून दिवसाची आखणी उलटी करा: शेवटची गाडी किती वाजता, सामना जास्तीत जास्त किती लांबेल, आणि मग बाकीचं.

सामना किती लांबेल हे खेळावर ठरतं. फुटबॉलच्या बाद फेरीत ९० मिनिटांच्या खेळाला मध्यंतर आणि भरपाईचा वेळ जोडला की जवळपास दोन तास होतात. बरोबरी झाली तर ३० मिनिटांचा जादा वेळ आणि त्यानंतर पेनल्टी. रात्री ९ चा सामना पावणेबारापर्यंत सहज जातो, आणि बाहेर पडून फलाटावर पोचेपर्यंत साडेबारा वाजलेले असतात. टेनिसच्या रात्रीच्या सत्राचा तर शेवट सांगताच येत नाही. शेवटच्या गाडीची वेळ त्या वाराचीच बघा. वार बदलला की वेळापत्रक बदलतं. लंडनमध्ये काही भुयारी मार्गांवर रात्रभर गाड्या धावतात, पण फक्त शुक्रवारी आणि शनिवारी रात्री. रात्रीच्या बसचा क्रमांक आणि थांबा आधीच लिहून ठेवा.

मुक्काम मैदानाला खेटून घेण्याचा मोह टाळा. तिथले रस्ते काही तास आधीच बंद होतात. सामान घेऊन टॅक्सी दारापर्यंत जाईलच याची खात्री नसते. मैदानाकडे थेट जाणाऱ्या मार्गावर, चार-सहा स्टेशनं अलीकडे राहणं जास्त सोयीचं. थकलेल्या गर्दीत गाडी बदलावी लागली नाही की निम्मा त्रास वाचतो.

तिकीट आणि कार्ड

सामन्याच्या तिकिटावरचा बारीक मजकूर वाचा, कारण प्रवास त्यातच धरलेला असू शकतो. जर्मनीतल्या २०२४ च्या युरो फुटबॉल स्पर्धेत सामन्याच्या तिकिटाबरोबर यजमान शहरातल्या स्थानिक वाहतुकीचा ३६ तासांचा पास मिळत होता. कतारमध्ये २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात हय्या कार्ड (प्रेक्षकांचं ओळखपत्र) असलेल्यांना मेट्रो मोफत होती. उलटंही घडतं. २०२४ च्या ऑलिंपिकच्या काळात पॅरिसच्या मेट्रोचं एकेरी तिकीट २.१५ युरोवरून ४ युरोवर गेलं. ज्यांनी जुन्या दरानं आधीच तिकिटं घेऊन ठेवली होती त्यांचा फरक वाचला.

तिकीट परतीचं धरूनच घ्या, किंवा कार्डात दोन्ही वेळचे पैसे भरून ठेवा. सामना सुटल्यावर तिकीट यंत्रासमोरची रांग फलाटाच्या रांगेहून मोठी असते. जिथे कार्ड टेकवून आत-बाहेर करतात तिथे दोन गोष्टी सांभाळा. एक कार्ड एकाच माणसाचं. कुटुंबातल्या चौघांना एकाच कार्डावर आत घेता येईलच असं नाही. आणि आत जाताना फोन टेकवला असेल तर बाहेर पडतानाही तोच फोन. कार्ड त्याच बँक खात्याचं असलं तरी यंत्रणा फोन आणि कार्ड वेगळे धरते, दोन्ही प्रवास अर्धवट समजते आणि दोन्हींचं कमाल भाडं कापू शकते. फोनवर तिकीट, नकाशा आणि भाडं तिन्ही असतील तर पॉवर बँक सोबत हवीच.

पिशवीचा आकारही बघून घ्या. विम्बल्डनमध्ये ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग चालत नाही. कित्येक फुटबॉल मैदानांवर ए-फोर कागदाएवढीच मुभा असते. मोठी बॅग घेऊन गेलात तर ती ठेवायला पुन्हा शहरात जावं लागतं आणि पहिला अर्धा खेळ हुकतो.

पोचताना

तिकिटावरचा प्रवेशद्वार क्रमांक नकाशावर शोधा आणि त्या बाजूचं स्टेशन निवडा. मोठ्या मैदानाला एकाहून जास्त स्टेशनं असतात. लंडनच्या वेम्बली स्टेडियमला तीन आहेत: वेम्बली पार्क, वेम्बली स्टेडियम आणि वेम्बली सेंट्रल, आणि तिघांचे मार्ग वेगळे. सगळे लोंढे पहिल्याकडे जातात म्हणून आपणही तिकडेच जायला हवं असं काही नाही. दरवाजे उघडण्याच्या वेळेच्या आसपास, म्हणजे साधारण दोन तास आधी पोचा. शेवटच्या पाऊण तासात तपासणीच्या रांगा सर्वांत लांब असतात.

निघण्याआधी त्या दिवशीच्या वाहतुकीच्या सूचना वाचा, विशेषतः संपाच्या. २८ मे २०२२ ला पॅरिसच्या स्टाद द फ्रान्सवर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना होता. आरईआर या उपनगरी रेल्वेच्या बी मार्गावर संप होता, म्हणून प्रेक्षक मोठ्या संख्येनं तिच्याच डी मार्गानं आले. त्या स्टेशनाकडून मैदानाकडे जाणारी वाट महामार्गाखालून जाते आणि तिथेच अरुंद होते. हजारो लोक तिथे खोळंबले, सामना अर्ध्या तासाहून जास्त उशिरा सुरू झाला. एक मार्ग बंद पडला की सगळे दुसऱ्याच मार्गावर येतात, हे गृहीत धरा आणि तिसरा पर्याय हाताशी ठेवा, पायी पंचवीस मिनिटं लागली तरी.

उतरल्यावर लगेच परतीचा फलाट आणि स्टेशनाचं दुसरं दार डोळ्यांखालून घाला. रात्री ती वाट बंद करून तुम्हाला लांबून फिरवलं जाईल, पण निदान दिशा तरी कळेल. सोबतच्यांना भेटायची जागा गेटजवळ ठरवू नका. गर्दीत तिथे कोणाला थांबू देत नाहीत. दोन-चार चौक पुढची ठळक खूण धरा आणि वेळही ठरवा, कारण एवढ्या माणसांत मोबाइलचं नेटवर्क हमखास कोलमडतं. मुलांच्या मनगटावर फोन नंबर लिहा. मुक्कामाचा पत्ता तिथल्या भाषेत कागदावर असू द्या.

सुटल्यावर

तीन मार्ग आहेत. दहा मिनिटं आधी उठणं. निकाल स्पष्ट असेल तेव्हाच पटतं. जागेवरच अर्धा-पाऊण तास बसून राहणं. मैदान तेवढा वेळ बसू देत असेल आणि शेवटची गाडी लांब असेल तर सर्वांत निवांत. किंवा पुढच्या नाहीतर मागच्या स्टेशनापर्यंत चालत जाणं. हा तिसरा मार्ग लोक उगाच टाळतात. वीस-पंचवीस मिनिटं पाय चालते राहतात, रांगेत तेवढाच वेळ नुसतं उभं राहण्यापेक्षा ते बरं.

टॅक्सी हवी असेल तर गेटबाहेर उभं राहून ॲप उघडू नका. तिथे दर चढलेला असतो, नेटवर्क नसतं आणि चालकाला अडथळ्यांच्या आत येऊ देत नाहीत; तो रद्द करतो आणि तुमची पुन्हा सुरुवात. आधी एक-दीड किलोमीटर चाला, शक्यतो घराच्या दिशेनं, मग एखाद्या हॉटेलचं किंवा पेट्रोल पंपाचं नाव देऊन बोलवा.

पोलीस लोकांना टप्प्याटप्प्यानं स्टेशनात सोडतात, मधे पूर्ण थांबवतात. चिडायचं कारण नाही. फलाटावर माणसं साठू नयेत म्हणूनच ते करतात. चारी बाजूंनी अंगाला अंग लागायला लागलं, हात वर करणं अवघड झालं, तर मात्र वाट बघू नका. दोन्ही हात छातीसमोर धरून श्वासाला जागा ठेवा, लोंढ्याच्या विरुद्ध न जाता तिरकं कडेला सरका, पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. भिंतीच्या किंवा कठड्याच्या अंगाला दाबले जाऊ अशी जागाही टाळा.

मॅरेथॉन किंवा सायकल शर्यत असेल तर गणित वेगळं. तिथे एक ठिकाण नाही; मॅरेथॉनमध्ये तर ४२.१९५ किलोमीटरची भिंतच शहरभर उभी राहते. आपला मुक्काम, स्टेशन आणि विमानतळ मार्गाच्या कुठल्या बाजूला आहेत ते नकाशावर आधी बघा. न्यू यॉर्कची मॅरेथॉन शहराच्या पाचही बरोंमधून (विभागांमधून) जाते. त्या दिवशी रस्त्यानं एका बाजूकडून दुसरीकडे जाणं म्हणजे तास-दीड तास घालवणं. भुयारी रेल्वे मार्गाखालून जाते, तीच वापरा. धावपटू ओळखीचा असेल तर दोन ठिकाणी गाठता येतो: एक जागा अर्ध्या टप्प्यानंतरची, दुसरी तीस किलोमीटरच्या पुढची, दोन्ही एकाच रेल्वेमार्गावर. रस्ते सुरुवातीच्या टोकाकडून क्रमाक्रमानं उघडत जातात, म्हणून संध्याकाळची बस पकडायची असेल तर अंतिम रेषेपासून लांबच्या टोकाचा थांबा निवडा.