जासवंदीवरचा पांढरा कापूस: या चुका टाळा

जासवंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं काही दिसलं की बुरशी समजून बुरशीनाशक मारलं जातं. पहिली चूक तीच. काडीने तो कापूस बाजूला करून बघा. आत पिवळसर, मऊ, संथ हलणारे कीटक दिसले तर ते मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. बुरशीनाशकाने त्यांचं काही बिघडत नाही, उलट त्यांना मारणारी उपयोगी बुरशी मात्र मरते.

वडोदऱ्यातल्या जासवंदीला छळणाऱ्या मिलीबगच्या दोन जाती मूळच्या परदेशी आहेत. कपाशीवरचा मिलीबग उत्तर अमेरिकेतला. 2005-06 च्या सुमारास त्याने गुजरातेत कापसाचं नुकसान केलं. पपईवरचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा. भारतात तो 2008 मध्ये कोइमतूरला सापडला. दोन्ही गाजर गवतावर मजेत जगतात. म्हणून कुंडी लखलखीत ठेवायची आणि कंपाउंडबाहेर गाजर गवत माजू द्यायचं, हा उद्योग व्यर्थ आहे. गवत फुलायच्या आत मुळासकट उपटा, हातमोजे घालून, कारण त्याची अ‍ॅलर्जी येते.

मुंग्यांकडे दुर्लक्ष ही त्याहून मोठी चूक. मिलीबग गोड चिकटा सोडतो, मुंग्या तो खातात, त्या बदल्यात त्याच्या शत्रूंना हुसकावतात आणि पिल्लांना नव्या फांदीवर नेऊन सोडतात. मुंग्या चालू असतील तर फवारा कितीही मारा, पंधरा दिवसांत जैसे थे. खोडाला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा. थेट सालीला ग्रीस लावू नका. भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या त्या पुलावरून येतात.

निंबोळी तेल नुसतं पाण्यात ओतलं तर ते वर तरंगतं. मग फवाऱ्यातून आधी नुसतं पाणी येतं आणि शेवटी शुद्ध तेल, ज्याने पानं करपतात. 5 मिली तेलात 1-2 मिली द्रव साबण घोटा, दुधासारखं झालं की कोमट पाणी घालत एक लिटर करा आणि त्याच दिवशी संपवा. संध्याकाळी मारा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपार जातो, तेव्हा दुपारचा फवारा म्हणजे पानांना फोडणी. फवाऱ्याआधी जोराच्या पाण्याने किडे पाडून घ्या, कारण मेणाच्या थरातून औषध आत जात नाही. पानाची खालची बाजू, बेचके आणि खोडाचा बुंधा भिजला पाहिजे. एका फवाऱ्यावर थांबू नका: अंडी मेणाच्या पिशवीत सुखरूप असतात, पिल्लं नंतर निघतात. सात दिवसांच्या अंतराने तीन वेळा.

आता एक चूक जी कष्टाळू माणसंच करतात. पांढऱ्या झिरमिळ्यांची, मिलीबगपेक्षा दुप्पट-तिप्पट मोठी आणि हात लावताच तरातरा पळणारी अळी दिसली की ती चिरडतात. ती क्रिप्टोलीमस या भुंगेऱ्याची अळी. मिलीबग हेच तिचं जेवण. त्याचप्रमाणे फुगलेले, तपकिरी, टणक झालेले मिलीबग दिसले तर त्यांच्या आत परजीवी गांधीलमाशीचं पिल्लू वाढतंय, ती फांदी ठेवा. पपईवरच्या मिलीबगसाठी अशा इवल्याशा माश्या 2010 मध्ये प्वेर्तो रिकोहून मुद्दाम आणल्या होत्या. जहाल कीटकनाशक मारू नका, त्याने मिलीबगच्या आधी याच माश्या मरतात. शिवाय जासवंदीवर शिंजीर आणि मधमाश्या येतात, फुलं गणपतीला वाहिली जातात.

युरिया कमी करा. त्याने फुटणारे लुसलुशीत कोंब मिलीबगला फार आवडतात. पिवळे चिकट सापळे लावून मिलीबग सापडत नाही, कारण मादीला पंखच नसतात. सापळे पांढऱ्या माशीसाठी. पेरू, चाफा, बदामाच्या पानाखाली पांढऱ्या मेणाची वलयं दिसली तर ती सर्पिल पांढरी माशी. तिथे पाण्याचा झोत आणि तेच निंबोळी मिश्रण.

छाटलेल्या फांद्या कंपाउंडच्या कोपऱ्यात टाकू नका, खतखड्ड्यातही नको. काळ्या पिशवीत घट्ट बांधून दोन-तीन दिवस उन्हात ठेवा, मग कचऱ्यात. नर्सरीतून आणलेलं रोप तीन आठवडे वेगळं ठेवा. घेतानाच पानाचा देठ जिथे फांदीला चिकटतो ती जागा आणि कुंडीच्या तळाचं छिद्र बघून घ्या. मिलीबग मुळाशीही दडतो.