हलगीसोबत बसायच्या आधी: मॉड्युलरवर ठेका बांधण्याची तयारी

जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीत जो उभा राहिलाय, त्याला हलगीचा कडकडाट काय असतो हे सांगायला नको. अशा हलगीवाल्यासोबत मॉड्युलर सिंथेसायझर (सुटे आवाजाचे भाग, म्हणजे मॉड्यूल, केबलने जोडून बनवलेलं वाद्य) घेऊन बसायचं असेल तर तयारीची सुरुवात एकेका ठोक्याच्या आकारापासून करा, ठेके नंतर. सिक्वेन्सरची (ठोके क्रमाने वाजवणाऱ्या मॉड्यूलची) प्रत्येक पायरी भरली की ताल अवघड होतो असं नवख्याला वाटतं. हलगीवाला मात्र तोच ठेका धरून एक ठोका दाबतो, एक मोकळा सोडतो, एक काठावर घेतो आणि ऐकणाऱ्याचे पाय जागेवर राहत नाहीत. आपल्याकडे हे काम एन्व्हलप (ठोका कसा चढतो आणि विरतो ते ठरवणारा व्होल्टेज) आणि मॉड्युलेशनचं (एका व्होल्टेजने दुसरी गोष्ट हलवण्याचं) आहे.

आधी विजेचं बघा. युरोरॅकला (मॉड्यूल बसवायच्या प्रचलित साच्याला) अधिक 12 आणि उणे 12 व्होल्ट लागतात. प्रत्येक मॉड्यूल किती मिलिअँपिअर ओढतं याची बेरीज दोन्ही बाजूंसाठी वेगवेगळी मांडा आणि सप्लायची थोडी ताकद शिल्लक ठेवा. रिबन केबलची लाल कड उणे 12 च्या बाजूला येते. नवीन मॉड्यूल बसवलं असेल तर हे दोनदा तपासा. लाइट जाण्याची शक्यता धरून इन्व्हर्टर ठेवणार असाल तर साइन वेव्हचा बघा, स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर स्पीकरमधून गुणगुण येऊ शकते. अ‍ॅनालॉग ऑसिलेटरचा (सूर निर्माण करणाऱ्या मॉड्यूलचा) सूर तापमानाबरोबर सरकतो, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात हे विसरून चालत नाही. रॅक अर्धा तास आधी चालू करून ठेवा, सूर त्यानंतर लावा.

मग खर्जाचा ठोका तयार करा. साइन वेव्हचा ऑसिलेटर 50 हर्ट्‌झच्या आसपास ठेवा आणि त्याच्या पिचला (सुराच्या उंचीला) एक वेगळा, अगदी छोटा एन्व्हलप द्या. एका व्होल्टला एक सप्तक हा हिशोब धरला तर 3 व्होल्टच्या एन्व्हलपने सूर तीन सप्तकं वर, म्हणजे 400 हर्ट्‌झवर सुरू होतो. तिथून 30-40 मिलिसेकंदांत तो खाली आला की कानाला थाप ऐकू येते. तोच उतार 200 मिलिसेकंदांचा केला की थाप जाऊन घसरण ऐकू येते. उताराची वक्ररेषा एक्स्पोनेन्शियल ठेवा, कारण खऱ्या चामड्याचा आवाजही आधी झपकन आणि मग हळूहळू विरतो. वरच्या काडीच्या आवाजासाठी नॉइज (खरखरीचा आवाज), फक्त वरचे सूर जाऊ देणारा हाय पास फिल्टर आणि जेमतेम 20 मिलिसेकंदांचा डिके (विरण्याचा वेळ) एवढं पुरतं.

आता सगळ्यात जास्त वेळ द्यायची गोष्ट, म्हणजे निवडक ठोक्यांवरचा जोर: अ‍ॅक्सेंट. कातडं जोरात बडवलं की ते क्षणभर जास्त ताणलं जातं, म्हणून सूर किंचित चढून खाली येतो, टोक उजळ होतं आणि आवाज जास्त वेळ टिकतो. जोराचा ठोका हा निव्वळ मोठा ठोका नसतो. तेव्हा सिक्वेन्सरच्या दुसऱ्या ओळीतून निघणारा अ‍ॅक्सेंटचा व्होल्टेज एका मल्टिपलमधून (एका सिग्नलच्या अनेक प्रती देणाऱ्या मॉड्यूलमधून) चार ठिकाणी न्या: व्हीसीएला (आवाज लहानमोठा करणाऱ्या मॉड्यूलला), फिल्टरच्या कटऑफला (तो जिथून सूर कापतो त्या जागेला), पिच एन्व्हलपच्या मात्रेला आणि डिकेच्या वेळेला. प्रत्येक वाटेवर अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा नॉब) हवाच; चारही वाटा पूर्ण उघडल्या तर ठोका किंचाळतो. आधी सगळे बंद करा, फक्त डिकेचा हळूहळू उघडा आणि ऐका. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत मात्रेचा चौथा भाग 125 मिलिसेकंदांचा असतो. साधे ठोके 70-80 मध्ये संपवा आणि अ‍ॅक्सेंटचाच ठोका 200 च्या पुढे जाऊ द्या, म्हणजे तो पुढच्या ठोक्यावर सांडेल. ठेक्यातली एकही पायरी बदललेली नसते, तरी ताल चालायला लागतो. माझ्या मते एवढी एक गोष्ट नीट जमली तर अर्धी तयारी झाली. हाताशी व्हॅक्ट्रोलचा (दिवा आणि प्रकाशाने बदलणारा रोध यांच्या जोडीचा) लो पास गेट, म्हणजे आवाज आणि त्याचा उजळपणा एकदम मिटवणारं मॉड्यूल, असेल तर मोकळ्या ठोक्यांसाठी तोच वापरा. त्यातला प्रकाशावर चालणारा रोध सावकाश मिटतो, त्यामुळे जलद ठोके एकमेकांत मिसळतात आणि ते कानाला फार खरे वाटतात.

यानंतर काळाशी खेळा. ट्रिगर (ठोका सुरू करणारा क्षणिक सिग्नल) 16 पायऱ्यांवर फिरू द्या आणि डिके बदलणारी सीव्ही (नियंत्रणाच्या व्होल्टेजची) ओळ 7 पायऱ्यांची ठेवा. 16 मात्रांच्या तीनतालावर 7 मात्रांच्या रूपकाची छाया पडते आणि सगळं मिळून 112 पायऱ्यांनी पुन्हा समेवर येतं. घड्याळाशी (लय देणाऱ्या क्लॉकशी) न बांधलेला एलएफओ (सावकाश वरखाली होणारा ऑसिलेटर) यापेक्षा वेगळा वागतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या गल्लीत शेजारशेजारचे दोन माग ऐका: दोघांची खटखट आपापल्या जागी सारखीच, पण एकत्र ऐकताना ती जवळ येते, मिसळते, पुन्हा लांब जाते. दोन मोकळे एलएफओ दोन आवाजांच्या डिकेवर अगदी थोडे लावले की हीच चाल मिळते. थोडे म्हणजे खरंच थोडे.

मेक नॉइजचं मॅथ्स किंवा तसं फंक्शन जनरेटर (चढता-उतरता व्होल्टेज बनवणारं मॉड्यूल) असेल तर दोन पॅच आधीच बांधून ठेवा. पहिला विभागणीचा: व्होल्टेज चढत असताना आलेला ट्रिगर मॅथ्स मोजत नाही. राइजचा (चढणीचा) वेळ दोन ट्रिगरमधल्या अंतरापेक्षा लांबवला की प्रत्येक दुसराच ट्रिगर लागू पडतो, आणखी लांबवला की तिसरा. त्या राइजवरच मॉड्युलेशन टाकलं की दर दुसऱ्या ट्रिगरवरून दर तिसऱ्यावर जाणं आपोआप घडतं. दुसरा उशिराचा: चढण संपल्यावर निघणाऱ्या गेटने (चालू-बंद सिग्नलने) दुसरा आवाज वाजवा. राइज 20 मिलिसेकंदांच्या आसपास असेल तर दोन काड्या किंचित मागेपुढे पडल्याचा भास होतो, 40 च्या पुढे गेलं तर दोन वेगळे ठोके.

हलगीवाला रंगात आला की लय चढवणारच, आणि तुमचं घड्याळ त्याच्यामागे गेलं पाहिजे, तो घड्याळामागे नव्हे. हलगीच्या कड्यावर पिएझो (कंपनाचा विजेत बदल करणारी चकती) चिकटवा, त्याचा सिग्नल प्रीअ‍ॅम्पमधून वाढवून एन्व्हलप फॉलोअरला (आवाजाचा जोर व्होल्टेजमध्ये आणणाऱ्या मॉड्यूलला) द्या, कंपॅरेटरने (ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की सिग्नल देणाऱ्या मॉड्यूलने) गेट काढा आणि त्यानेच घड्याळ चालवा. कंपॅरेटरची पातळी अशी लावा की फक्त जाड टिपरूचे (जाड काठीचे) ठोके गेट उघडतील आणि बारीक काडीची तडतड खालीच राहील. हा भाग घरी टेबलावर बोटांनी टकटक करून आधी आजमावून बघा. पिएझो लावताना वादकाची परवानगी घ्या, त्याच्या हाताला ती वायर अडायला नको.

उरलेलं पटकन: 3.5 मिलिमीटर जॅकच्या मोनो केबल लागतील त्यापेक्षा जास्त आणि वेगवेगळ्या लांबीच्या घ्या. मिक्सरला देण्याआधी आवाज लाइन लेव्हलपर्यंत (मिक्सरला चालणाऱ्या पातळीपर्यंत) उतरवणारं आउटपुट मॉड्यूल विसरू नका, मॉड्युलरचा सिग्नल नेहमीच्या साधनांपेक्षा बराच मोठा असतो. हार्डवेअर नसेल तर वरचं जवळजवळ सगळं व्हीसीव्ही रॅक या मोफत सॉफ्टवेअरवर करून बघता येतं. नॉब कुठे होते याचे फोटो काढून ठेवा. आणि खर्जाच्या ठोक्याचा शेवटचा सूर वादक हलगी शेकून आणेपर्यंत राखून ठेवा; विस्तवावर कातडं ताणलं की तिचा आवाज चढतो, तेव्हा तो ऐकूनच ऑसिलेटर जुळवा.