जुन्या अपार्टमेंटची खोटी थकबाकी क्रेडिट रिपोर्टवर आली तर: अमेरिकेतल्या भाडेकरूंसाठी

अमेरिकेत जुन्या घराची थकबाकी क्रेडिट रिपोर्टवर येते ती बहुतेक वेळा आडवाटेने. तुम्ही घर सोडल्यावर अपार्टमेंटचं ऑफिस शेवटचा हिशोब काढतं, तुमच्या नावावर काही शे किंवा काही हजार डॉलर दाखवतं आणि पैसे आले नाहीत की फाइल कलेक्शन एजन्सीकडे टाकतं. एजन्सी ती रक्कम इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या ब्युरोंपैकी एकाला किंवा तिघांनाही कळवते. तोवर तुमचा पत्ता बदललेला असतो, पत्रं जुन्या दारात पडून राहतात. पत्ता लागतो तो कार लोन अडकल्यावर, नाहीतर नवं घर मिळेनासं झाल्यावर.

अशा वेळी पहिली ऊर्मी भांडायची असते. घर लख्ख करून दिलं होतं, कार्पेट आधीपासूनच फाटलेलं होतं, मॅनेजर धादांत खोटं बोलतोय. हे सगळं खरं असेल, पण ब्युरोत बसून कोणी दोन्ही बाजू ऐकून निवाडा करत नाही. तुमची तक्रार ई-ऑस्कर नावाच्या यंत्रणेतून एखादा सांकेतिक क्रमांक लावून एजन्सीकडे जाते, एजन्सी आपल्या नोंदीशी ताडून बघते आणि उत्तर टाकते. त्यामुळे ‘माझ्यावर अन्याय झाला’ एवढंच लिहिलं तर काही हलत नाही. ‘या नोंदीतला हा आकडा चुकीचा आहे आणि हा त्याचा कागद’ असं लिहिलं तर हलण्याची शक्यता असते. तेव्हा रागाचं रूपांतर आकड्यांत करायचं, हेच खरं काम.

आधी तिन्ही रिपोर्ट काढा

ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम या साइटवर तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट आता दर आठवड्याला फुकट मिळतात. स्कोअर दाखवणाऱ्या ॲपवर विसंबू नका. पूर्ण रिपोर्ट उतरवून घ्या आणि पीडीएफ जपून ठेवा. नोंदीत मूळ घेणेकरी कोण, रक्कम किती आणि थकबाकी पहिल्यांदा कधीची दाखवली आहे, या तीन गोष्टी बघा.

तारखेला फार महत्त्व आहे. कलेक्शनची नोंद साधारण सात वर्षांनी रिपोर्टवरून उतरते, आणि ही वर्षं मोजायची ती थकबाकी सुरू झाली तिथपासून. एजन्सीकडे फाइल कधी आली, दुसऱ्या एजन्सीने ती कधी विकत घेतली, याचा त्याच्याशी संबंध नाही. घर २०२१ मध्ये सोडलं आणि नोंदीत थकबाकीची सुरुवात २०२४ ची दाखवली असेल, तर रक्कम खरी असो वा खोटी, तारखेची चूक तुमच्या हाती आयती सापडली.

नवं अपार्टमेंट नाकारलं गेलं असेल तर आणखी एक रिपोर्ट मागवावा लागतो. भाडेकरूंची माहिती पुरवणाऱ्या कंपन्या वेगळ्या असतात. नकाराच्या पत्रात अशा कंपनीचं नाव द्यावंच लागतं, आणि ते पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत मागितला तर तिचा रिपोर्ट फुकट मिळतो. या कंपन्यांनाही १९७० चा फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टच लागू आहे, म्हणून खाली दिलेलं सगळं तिथेही चालतं.

एजन्सीशी बोलायचं ते कागदावर

एजन्सीचा फोन आला तर गोड बोलून पत्ता घ्या आणि फोन ठेवा. ‘थोडंफार देणं असेल माझं’ असं बोलून जाऊ नका, आणि विषय मिटवायला म्हणून पन्नास डॉलरही पाठवू नका. बऱ्याच राज्यांत असा छोटा हप्ता भरला की कोर्टात दावा लावण्याची मुदत नव्याने सुरू होते. ही मुदत लेखी करारासाठी कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये चार वर्षं आहे, न्यूयॉर्कमध्ये सहा. रिपोर्टवरची सात वर्षं वेगळी, ही वेगळी. दोन्हींची गल्लत करू नका.

फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्टप्रमाणे एजन्सीने रकमेचा तपशील देणारी नोटीस पाठवायची असते. ती मिळाल्यापासून ३० दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली, तर पुरावा देईपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते. ३० दिवस उलटून गेले असले तरी पत्र लिहाच. वसुली थांबवण्याचं बंधन मग राहत नाही, पण तुम्ही रकमेला हरकत घेतली आहे हे लपवून ती ब्युरोला माहिती देऊ शकत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरपासून आणखी एक नियम आहे: तुमच्याशी आधी संपर्क न करता गुपचूप ब्युरोकडे नोंद टाकायला एजन्सीला मनाई आहे. एकही पत्र, ईमेल किंवा फोन आला नसेल तर पत्रात तसं स्पष्ट लिहा.

पत्रात मागायचं काय? मूळ लीजची प्रत, घर सोडल्यानंतरचा ओळवार हिशोब, डिपॉझिट कुठे वळतं केलं त्याची नोंद, दुरुस्तीची बिलं. हेच पत्र अपार्टमेंटच्या ऑफिसलाही पाठवा. दोन्ही पत्रं सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह. पोस्टाला थोडे डॉलर जास्त जातात, पण पुढे हीच हिरवी पावती कामाला येते.

हिशोबाची चिरफाड

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. समजा, हिशोब असा आला: क्लीनिंग ३२५, रंगकाम ४५०, कार्पेट १,२००, नोटीस न दिल्याबद्दल महिन्याचं भाडं १,८५०, कलेक्शन फी ९५०. एकूण ४,७७५ डॉलर. एकेक ओळ उचलून बघू.

पहिली गोष्ट, यात ५०० डॉलरचं डिपॉझिट वजा केलेलंच नाही. ही चूक वाटते त्यापेक्षा बरीच आढळते, आणि सिद्ध करायला सगळ्यात सोपी. डिपॉझिटचा हिशोब ठरलेल्या दिवसांत पाठवावा लागतो: न्यूयॉर्कमध्ये १४ दिवस, कॅलिफोर्नियात २१, टेक्सास आणि न्यू जर्सीत ३०. न्यूयॉर्कमध्ये ही मुदत चुकली तर घरमालकाचा डिपॉझिटमधून काहीही कापण्याचा हक्क जातो. टेक्सासमध्ये मात्र एक मेख आहे: नवा पत्ता तुम्ही लेखी कळवला नसेल, तर पैसे परत करायचं किंवा हिशोब द्यायचं बंधनच त्याच्यावर येत नाही.

रंग आणि कार्पेट यांत नेहमीच्या वापराची झीज तुमच्या माथी मारता येत नाही. खिळ्याची बारीक भोकं, उन्हाने विटलेला रंग, चालून दबलेलं कार्पेट ही झीज. जळलेला डाग किंवा कुत्र्याने उपसलेला कोपरा म्हणजे नुकसान. नुकसान झालं असलं तरी नव्या वस्तूची पूर्ण किंमत सहसा लागत नाही. आठ वर्षं टिकणारं कार्पेट सहा वर्षं जुनं असेल, तर उरलेल्या दोन वर्षांपुरता, म्हणजे १,२०० चा चौथा हिस्सा, ३०० डॉलर हा रास्त आकडा झाला. कार्पेट कधी बसवलं ते लेखी विचारा. कॅलिफोर्नियात २०२५ पासून घर सोडल्यावर आणि दुरुस्तीच्या आधी-नंतर फोटो काढणं घरमालकाला बंधनकारक झालं आहे. तिथे असाल तर ते फोटो मागा.

नोटीस किंवा लीज मोडल्याच्या भाड्यात एकच प्रश्न कळीचा: जागा पुन्हा कधी लागली? टेक्सास, कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, न्यूयॉर्क अशा बऱ्याच राज्यांत घरमालकाला नवा भाडेकरू शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावाच लागतो. दहा दिवसांत दुसरं कुटुंब राहायला आलं असेल आणि तुमच्याकडून पूर्ण महिन्याचं भाडं मागितलं जात असेल, तर एकाच जागेचं भाडं दोनदा वसूल होतंय. जुन्या शेजाऱ्याला विचारा. त्या वेळची ऑनलाइन जाहिरात सापडली तर तिचा स्क्रीनशॉट घ्या. लीजमध्ये मुदतीआधी सोडण्याची ठराविक फी लिहिलेली असेल, तर ते कलमही नीट वाचा. फी भरलेली असूनही वर भाडं लावलेलं असू शकतं.

कलेक्शन फी लीजमध्ये लिहिलेली नसेल आणि कायद्यातही तशी तरतूद नसेल, तर एजन्सीला ती मागताच येत नाही. लीज उघडा आणि शोधा. सापडली नाही, तर ९५० डॉलर एका ओळीत उडाले.

रूममेटबद्दल मात्र थोडं कडू बोलावं लागेल. दोघांनी एकाच लीजवर सह्या केल्या असतील, तर बहुतेक लीजप्रमाणे पूर्ण भाड्याची जबाबदारी दोघांवरही असते. ‘माझा अर्धा हिस्सा मी भरला’ हे घरमालकाविरुद्ध चालत नाही. ते पैसे रूममेटकडून काढायचे, तो वेगळा झगडा.

पुराव्यासाठी राहायला येतानाची चेकलिस्ट, घर सोडतानाचा व्हिडिओ, किल्ल्या दिल्याचा ईमेल आणि बँक स्टेटमेंट जमवा. रहिवासी पोर्टलचं लॉगिन अजून चालू असेल तर आधी तिथला पूर्ण लेजर उतरवून घ्या. ते कधीही बंद होऊ शकतं.

ब्युरोला डिस्प्यूट, म्हणजे लेखी हरकत

नोंद ज्या ज्या ब्युरोत आहे त्या प्रत्येकाला वेगळं पत्र. ऑनलाइन फॉर्म सोपा असतो, पण त्यात ठरलेल्या पर्यायांपैकी एक निवडून दोन ओळींत आटपावं लागतं. असल्या गुंतागुंतीच्या रकमेसाठी मी पोस्टालाच कौल देईन. सोबत ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जोडा, रिपोर्टमधली नोंद गोल करून पाठवा, सगळ्या कागदांच्या प्रतीच द्या, मूळ कधीच नाही.

पत्राचा गाभा इतकाच असू द्या (इंग्रजीत लिहाल, आशय असा): ‘अमुक एजन्सीने दाखवलेली ४,७७५ डॉलरची रक्कम चुकीची आहे. १) ५०० डॉलरचं डिपॉझिट वजा केलेलं नाही, पावती क्रमांक १ पाहा. २) ९५० डॉलरची कलेक्शन फी लीजमध्ये कुठेही नाही, पूर्ण लीज जोडली आहे. ३) जागा पुढच्याच महिन्याच्या ११ तारखेला पुन्हा भाड्याने गेली, जोडपत्र ३. ही नोंद काढून टाकावी किंवा दुरुस्त करावी.’ मॅनेजर कसा वागला, तुमचा किती मनस्ताप झाला, हे इथे नको. आणि ‘हे खातं माझं नाही’ हा पर्याय, खातं तुमचं असताना, चुकूनही निवडू नका. एका खोट्या वाक्याने बाकीच्या खऱ्या मुद्द्यांची किंमत जाते. इंटरनेटवरची तयार पत्रंही टाळा. ‘फालतू तक्रार’ म्हणून ती बाजूला टाकायची मुभा ब्युरोला आहे.

ब्युरोने ३० दिवसांत तपास करायचा असतो. मध्येच तुम्ही आणखी कागद पाठवले, तर ही मुदत ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. म्हणून सगळं एकाच लिफाफ्यात पाठवा.

एजन्सीला पत्र लिहिलंच आहे, मग ब्युरोला कशाला, असं वाटेल. कारण कायद्याचं आहे. एजन्सीने तपास नीट केला नाही म्हणून तिच्यावर दावा करण्याचा हक्क तुम्हाला मिळतो तो डिस्प्यूट ब्युरोमार्फत गेला असेल तरच. नुसत्या फोनवर आणि ईमेलवर महिनोन्‌महिने घालवलेले लोक इथेच अडकतात.

‘हा कायदेशीर वाद आहे, आम्ही त्यात पडत नाही’ हे ठरलेलं उत्तरही येऊ शकतं. २०२५ मध्ये चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने एका भाडेकरूच्याच खटल्यात सांगितलं की वाद कायद्याचा की वस्तुस्थितीचा हा मुद्दा नाही. चूक वस्तुनिष्ठपणे आणि सहज पडताळता येते का, एवढंच बघायचं. हा निकाल मेरीलँड, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि दोन्ही कॅरोलायनांना बंधनकारक आहे. डिपॉझिटची पावती सहज पडताळता येते. कार्पेट कोणी खराब केलं ते तितकं सहज नाही. मुद्द्यांचा क्रम त्याप्रमाणे लावा.

‘व्हेरिफाइड’ (नोंद बरोबर आहे) म्हणून परत आलं तर

हे बरेचदा होतं, हातपाय गाळू नका. तपास कसा केला याचं वर्णन ब्युरोकडे लेखी मागा. १५ दिवसांत द्यावं लागतं. एखादा नवा कागद हाती आला असेल तर पुन्हा डिस्प्यूट करा, तोच मजकूर परत पाठवण्यात अर्थ नाही. सीएफपीबी या ग्राहकांच्या आर्थिक हक्कांसाठीच्या केंद्रीय संस्थेकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे तक्रार फुकट करता येते. रिपोर्टला शंभर शब्दांचं स्वतःचं निवेदन जोडण्याची सोयही आहे, पण स्कोअरवर त्याचा काही परिणाम होत नाही. त्यापेक्षा तो वेळ वकील शोधण्यात घाला. क्रेडिट रिपोर्टिंगचे खटले जिंकले तर वकिलाची फी समोरच्याला भरावी लागते, म्हणून ग्राहकांचे बरेच वकील आधी पैसे घेत नाहीत. चूक लक्षात आल्यापासून दावा लावायला दोन वर्षं असतात. कलेक्शनच्या कायद्याखाली मात्र एकच वर्ष. डिपॉझिटसाठी स्मॉल क्लेम्स कोर्ट आहेच. कॅलिफोर्नियात व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत, टेक्सासमध्ये जस्टिस कोर्टात २०,००० पर्यंत दावा लावता येतो.

तुमच्या नावाने दुसऱ्यानेच लीज केली असेल तर रस्ता वेगळा. एफटीसी या केंद्रीय व्यापार आयोगाच्या आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह साइटवर अहवाल करा आणि तो ओळखीच्या पुराव्यासह ब्युरोला द्या. चार कामकाजी दिवसांत नोंद रोखावी लागते.

आणि रकमेतला काही भाग खराच देणं असला तर? तडजोड करा, पण पैसे देण्याआधी ‘ही नोंद तिन्ही ब्युरोंतून काढून टाकू’ असं लेखी घ्या. एजन्सीवर तसं बंधन नाही. काही देतात, काही साफ नाही म्हणतात. नुसतं ‘पेड’ झालेलं कलेक्शन फिको ९ आणि व्हँटेजस्कोअर ३ पासूनची स्कोअर काढणारी मॉडेल्स धरत नाहीत, पण आजही भरपूर वापरात असलेलं फिको ८ धरतं. नोंद निघाल्यावर महिन्याभराने तिन्ही रिपोर्ट पुन्हा काढा. काढलेली नोंद परत घातली तर ब्युरोने पाच कामकाजी दिवसांत तुम्हाला लेखी कळवायचं असतं. तीच थकबाकी दुसऱ्या एजन्सीला विकली जाऊन नव्या नावाने उगवली, तर नोंद काढल्याचं पत्र आणि जुन्या लिफाफ्यातल्या कागदांच्या प्रती तिलाही सर्टिफाइड मेलने पाठवा.