फिल्म की डिजिटल? लग्नाचे फोटो काढताना या चुका टाळा

लग्नाला फिल्म कॅमेरा न्यावा की डिजिटल, असं विचारणाऱ्यानं बहुतेक वेळा कुणाचे तरी मऊ रंगांचे, किंचित दाणेदार फोटो पाहिलेले असतात आणि ते त्याच्या मनात भरलेले असतात. मी दोन्ही प्रकारचे कॅमेरे वापरतो, पण मला विचाराल तर रंगांचा मुद्दा सगळ्यात शेवटी येतो. आधी बघायचं ते हे की चूक झाली तर ती कळणार कधी. डिजिटलवर बऱ्याचशा चुका तिथल्या तिथे दिसतात. फिल्मवर त्या आठवड्याभरानं दिसतात, म्हणजे मांडव उतरलेला असतो आणि पाहुणे आपापल्या घरी पोचलेले असतात. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका या एका फरकातूनच येतात.

रोल फिरलाच नाही

ही चूक माझी स्वतःची. विधी आटोपल्यावर वधूवरांचे निवांत फोटो काढायचे होते. उजेड छान होता, दोघंही मोकळी झाली होती. मी घाईत नवा रोल भरला, झाकण लावलं आणि सुरू झालो. फ्रेम मोजणारा आकडा ३६ वर पोचला, मग ३७, ३८, ३९. लिव्हर अगदी सहज फिरत होता. तो सहजपणाच खरं तर धोक्याची सूचना होता. रोलची जीभ उजवीकडच्या फिरकीत अडकलीच नव्हती, त्यामुळे फिल्म पहिल्या फ्रेमपासून जागची हललीच नव्हती. आकडा मात्र लिव्हरसोबत मुकाट पुढे सरकत होता.

यावरचा उपाय दहा सेकंदांचा आहे. रोल भरल्यावर झाकण लगेच लावू नका. एकदा लिव्हर मारा, फिल्मची भोकं दातेरी चाकावर दोन्ही बाजूंनी बसली आहेत ना ते बघा, मग झाकण लावा. त्यानंतर डावीकडचा रिवाइंड नॉब हलकेच फिरवून फिल्मची ढील काढा, ती ताणली गेल्याचं बोटाला जाणवतं. आता लिव्हर माराल तेव्हा हा नॉब उलटा फिरला पाहिजे. तो फिरत असेल तर फिल्म चालली आहे. नसेल तर आकडा काहीही दाखवो, फोटो येत नाहीत. आता मी प्रत्येक रोलच्या पहिल्या तीन फ्रेमना नॉबकडे बघतोच. सोबतच्या लोकांना ही माझी खोड वाटते, वाटू दे.

कोणता क्षण कशावर, हे न ठरवणं

‘पूर्ण लग्न फिल्मवर’ हे ऐकायला झकास वाटतं. हिशेब मांडून बघा. दिवसभराच्या लग्नात मी डिजिटलवर अठराशेच्या आसपास वेळा बटण दाबतो. ३६ फ्रेमच्या रोलमध्ये हे बसवायचं तर ५० रोल लागतील. मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे मोठ्या आकाराच्या निगेटिव्हचा, १२० रोल घेतला तर ६×४.५ आकारात १५-१६ फ्रेम मिळतात, ६×७ मध्ये जेमतेम १०. अर्थात फिल्मवर कुणी अठराशे फोटो काढत नाही, हात आपोआप आवरला जातो आणि ते चांगलंही आहे. पण रोल बदलायला मिनिटभर लागतं, आणि नेमक्या त्याच मिनिटात वडिलांच्या डोळ्यांत पाणी येतं.

म्हणून मी क्षणांची विभागणी करतो. जे पुन्हा घडवता येत नाही ते डिजिटलवर: विधी, मिठ्या, रडणं, नाच. जे दोन मिनिटं थांबवता येतं ते फिल्मवर: दोघांचे फोटो, तयारीच्या वेळी खिडकीपाशी बसलेली नवरी, मांडून ठेवलेल्या वस्तू, कुटुंबाचा एखादा शांत फोटो. फिल्मवरची फ्रेम गेली तरी त्याच प्रसंगाचा एक डिजिटल फोटो हाताशी असावा, एवढी काळजी घ्यायचीच. वर सांगितलेल्या दिवशी मी वाचलो तो अशा पाच-सहा डिजिटल फोटोंमुळेच.

उजेडाचा हिशेब उलटा धरणं

दोन्ही माध्यमं येणाऱ्याला इथे हमखास फसायला होतं. डिजिटलवर उजळ भाग एकदा पूर्ण पांढरा झाला की त्यात काही उरत नाही, म्हणून उजळ भाग सांभाळून एक्स्पोजर (आत किती उजेड घ्यायचा ते) घ्यायचं असतं. सावल्या नंतर उचलता येतात. कलर निगेटिव्हचं, म्हणजे नेहमीच्या रंगीत फिल्मचं, नेमकं उलटं. तिला उजेड थोडा जास्त झालेला चालतो. कोडॅक पोर्ट्रा ४०० (हा आकडा आयएसओचा, म्हणजे फिल्म उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा) हा रोल उजेड मोजणाऱ्या मीटरवर २०० धरून वापरणारे पुष्कळ आहेत, आणि एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त उजेडानं तिचं काही बिघडत नाही. कमी पडला मात्र, तर सावल्या मातकट, हिरवट आणि दाणेदार होतात, आणि त्या कुठल्याही स्कॅनरला सुधारता येत नाहीत.

त्यातच मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. फ्रेमभर पांढरे कपडे असले की तो उजेड कमी करायला सांगतो. डिजिटलवर तुम्ही स्क्रीन बघून सावरता. फिल्मवर आपल्या मनानं एक स्टॉप वाढवावा लागतो, किंवा हातातल्या मीटरनं चेहऱ्यापाशी उजेड मोजावा लागतो.

संध्याकाळच्या सभागृहात रंगीत फिल्म

मंद दिव्यांचं सभागृह, लेन्स एफ/२ वर म्हणजे बरीच उघडलेली, रोल ४०० चा. मीटर साधारण १/३० सेकंदाचा शटर दाखवतो. एवढ्या शटरवर नाचणारा माणूस धूसरच येणार. त्याच जागी डिजिटलवर आयएसओ ६४०० ठेवलं की चार स्टॉप मिळतात आणि शटर १/५०० पर्यंत जातो. वाद इथेच संपतो.

वर रंगांची कटकट आहेच. पोर्ट्रासारखी फिल्म दिवसाच्या उजेडासाठी, सुमारे ५५०० केल्व्हिनसाठी बनवलेली असते. पिवळ्या बल्बखाली चेहरे नारिंगी येतात. निळा ८०ए फिल्टर लावून रंग सावरतात, पण तो दोन स्टॉप खातो, म्हणजे ४०० चा रोल १०० चा झाला. सिनेस्टिल ८००टी बल्बच्या उजेडासाठी बनलेली आहे खरी, पण तिच्यावर दिव्यांभोवती लाल वलय येतं. कुणाला ते भारी वाटतं. मला नवरीच्या डोक्यामागे लाल वलय नको असतं.

अंधारात फिल्म हवीच असेल तर काळी-पांढरी घ्या. इलफर्ड एचपी५ प्लस १६०० वर वापरून लॅबला दोन स्टॉप पुश करायला, म्हणजे जास्त वेळ धुवायला, सांगितलं तर दाणा वाढतो, कॉन्ट्रास्ट वाढतो, पण फोटोला जीव येतो. सावलीतले तपशील मात्र पुश करून परत येत नाहीत, एवढं लक्षात ठेवा. आणि पुश पूर्ण रोलचा होतो. अर्धा रोल ४०० वर आणि अर्धा १६०० वर काढलात तर अर्ध्यावर पाणी सोडावं लागेल.

भर उन्हातली उलटी पंचाईत

ही कुणाच्या ध्यानात येत नाही. मागचं सगळं धूसर करून हवं म्हणून लेन्स एफ/२ वर उघडता. कडक उन्हात ४०० च्या रोलला एफ/१६ वर १/४०० लागतो, म्हणजे एफ/२ वर १/२५,६०० लागेल. पेंटॅक्स के१००० या जुन्या फिल्म कॅमेऱ्याचा शटर १/१००० ला संपतो. निगेटिव्ह कितीही सोसणारी असली तरी साडेचार-पावणेपाच स्टॉप जास्त म्हणजे अती झालं. सावलीत जा, १०० चा रोल ठेवा किंवा उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा. ज्या डिजिटल कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर १/३२,००० पर्यंत जातो, त्यांना ही अडचण जाणवतही नाही, म्हणूनच डिजिटलवरून आलेला माणूस इथे अडखळतो.

फ्लॅशचंही तसंच. के१००० वर फ्लॅश १/६० पर्यंतच जुळतो. त्याहून वेगवान शटर ठेवलात तर फ्रेमचा एक भाग काळा येतो. डिजिटलवर हे पहिल्याच फोटोत दिसतं. फिल्मवर सगळे ग्रुप फोटो अर्धे काळे झाल्याचं लॅबमधून समजतं.

डिजिटल आहे म्हणून निर्धास्त

डिजिटलच्या चुका लगेच दिसतात असं वर म्हटलं, पण काही चुका इथेही लपून बसतात. अंधाऱ्या हॉलमध्ये कॅमेऱ्याची स्क्रीन फार उजळ भासते, त्यामुळे काळपट फोटोही चांगला वाटतो. स्क्रीनवर विसंबू नका, हिस्टोग्राम (उजळ-काळपट भागांचा आलेख) बघा. फोकसही छोट्या स्क्रीनवर नेहमी बरोबरच वाटतो, म्हणून अधूनमधून डोळ्यापर्यंत झूम करून खात्री करा.

आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावला की काही दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात. ५० हर्ट्झच्या विजेवरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. तिथे मेकॅनिकल शटरवर या आणि १/५० किंवा १/१०० ठेवा. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर तेही चालू करा.

रॉ (कॅमेऱ्यानं टिपलेली कच्ची फाइल) ऐवजी फक्त जेपीईजी काढणं ही आणखी एक. १४ बिटच्या रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ छटा असतात, जेपीईजीत २५६. मिश्र उजेडातला चेहरा सावरताना हा फरक जाणवतो. आणि कार्डाची जागा एकच असलेला कॅमेरा लग्नाला मुख्य कॅमेरा म्हणून नेऊ नये, या मतावर मी ठाम आहे. दोन कार्डांवर एकाच वेळी लिहू द्या. दोन कॅमेरे असतील तर सकाळीच दोन्हींची घड्याळं जुळवून घ्या, नाहीतर फोटो क्रमानं लावताना रात्र जाते.

जुना कॅमेरा थेट लग्नात

नवे फिल्म कॅमेरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. २०२२ मध्ये लायका एम६ पुन्हा बाजारात आला, २०२४ मध्ये पेंटॅक्स १७ आला, पण तो हाफ-फ्रेम (अर्ध्या आकाराच्या फ्रेमचा) आहे, अंदाजानं अंतर ठरवून फोकस करायचा. सहलीला मस्त, लग्नाला नको. म्हणजे तुमच्या हाती येणार तो बहुधा तीस-चाळीस वर्षांचा कॅमेरा. त्याच्या झाकणाच्या कडेचा काळा फोम चिकट झालेला असतो आणि तिथून उजेड आत शिरतो. शटरचे वेग सरकलेले असतात. १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालणाऱ्या मीटरला आजचा १.५ व्होल्टचा सेल घातला की तो चुकीचं माप देऊ शकतो. लग्नाच्या महिनाभर आधी एक पूर्ण रोल काढून, धुऊन, स्कॅन करून बघा. रोलही आधीच साठवा. फुजीनं प्रो ४००एच बंद करत असल्याचं जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं तेव्हा तिच्या रंगांवर सगळं काम उभं केलेल्यांची धावपळ झाली होती.

विमानानं जायचं असेल तर रोल हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात कधीच नको. सीटी स्कॅनर असलेल्या ठिकाणी ते हातानं तपासायची विनंती करा.

लॅबला गृहीत धरणं

सगळे रोल एकदम एकाच खेपेत देऊ नका. रंगीत निगेटिव्हच्या सी-४१ प्रक्रियेत डेव्हलपरचं तापमान ३७.८ अंश आणि वेळ ३ मिनिटं १५ सेकंद असते. त्यात गडबड झाली तर निदान अर्धे रोल वाचावेत. प्रत्येक रोलवर नंबर आणि पुश करायचा असेल तर तसं लिहा. एचपी५ चुकून सी-४१ मध्ये गेली तर फिल्म कोरी करकरीत बाहेर येते, कारण ब्लीच आणि फिक्सर तिच्यातली चांदीच काढून टाकतात.

स्कॅनचा आकारही आधीच विचारा. ३००० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयला १० इंचच छापला जातो, अल्बमच्या दोन पानांवर पसरवला तर तो फुटतो. आणि निगेटिव्ह परत मागून घ्या. स्कॅन हरवला तरी ती असेल तर सगळं पुन्हा करता येतं.

चूक झालीच, आता काय?

रोल ४०० चा आणि कॅमेऱ्याची आयएसओ डायल १०० वर राहिली: रंगीत निगेटिव्ह असेल तर नेहमीप्रमाणे धुवायला द्या, दोन स्टॉप जास्त उजेड ती सोसते. डायल १६०० वर राहिली असेल तर लॅबला दोन स्टॉप पुश करायला सांगा आणि उरलेला रोलही १६०० वरच संपवा.

कार्डावरचे फोटो उडाले: ते कार्ड त्याच क्षणी कॅमेऱ्यातून काढा. त्यावर एकही नवा फोटो नको, फॉरमॅट तर नकोच. पुसलेले फोटो पुष्कळदा कार्डावर तसेच असतात, रिकव्हरी सॉफ्टवेअरनं निघतात. नवं काही लिहिलं गेलं की जुनं कायमचं जातं.

रोल संपायच्या आत झाकण उघडलं गेलं: घाबरून बघत बसू नका, ताबडतोब बंद करा. हातानं फिरवायच्या कॅमेऱ्यात काढलेले फोटो उजवीकडच्या फिरकीवर गुंडाळलेले असतात. वरचे काही वेढे उजेड खातात, आतले बहुधा वाचतात. दोन-तीन फ्रेम झाकण लावूनच सोडून द्या आणि पुढे चला, डबीतली उरलेली फिल्म शाबूत असते. काही ऑटोमॅटिक कॅमेरे सगळा रोल आधीच बाहेर ओढून घेतात आणि काढलेली प्रत्येक फ्रेम डबीत परत सरकवतात. तिथे उलटं होतं: काढलेले फोटो सुखरूप, उरलेला रोल गेला. तुमचा कॅमेरा यातला कोणता, हे लग्नाआधीच बघून ठेवा.